पावणेतीन तोळे

सांबऱ्याला एकतीस वर्षं विमानांची घड्याळं जुळवली मी,
उंचीची, वेगाची, तेलाच्या दाबाची.
स्वतः एकदाही उडालो नाही.
निवृत्त झाल्यावर लोक शेत घेतात,
मी जर्मन आरमाराचे वैमानिक घ्यायला लागलो:
फोटोकार्डं, गणवेशाची बटणं,
बुरशी चढलेली दुर्बीण,
एक लॉगबुक, निम्मं भिजलेलं.
बायको म्हणाली,
आता ह्यांचं पित्तर पण तुम्हीच घालणार काय?

मला ते अगदी सुरुवातीचे आवडतात.
चाकांऐवजी होड्या लावलेली लाकडी विमानं,
दोरानं पाण्यावर उतरवायची,
लाट आडवी आली की संपलं.
त्यांतलं एक तर अरबी समुद्रात येऊन गेलं,
जहाजाच्या पोटात, पंख काढून ठेवलेलं.
चोर्ल्याचा घाट उतरला की तो समुद्र.
आमच्याकडे त्यातलं येतं ते मासळीबाजारातलं बर्फ.

कॅम्पात मेडलांच्या फिती शिवतो तो कल्लाप्पा म्हणाला,
कंग्राळीत सुळगेकरांच्या घरात
तसलं कायतरी हाय बघा.
गेलो.
मलप्रभा वहिनींनी देव्हारा दाखवला.
रवळनाथ, यल्लम्मा, एक शाळिग्राम,
आणि टाकांच्या रांगेत, शेवटून दुसरा,
तो.
लंबगोल. माथ्यावर कैसरचा मुकुट,
कडेनं पानं, मध्ये समुद्र, सूर्य,
पाण्यावर झेपावलेला पक्षी.
पानापानांत शंभर वर्षांची हळद,
डोळ्यात कुंकू.

"सासऱ्यांच्या आज्यानं बसऱ्याहून आणला, गरुडदेव.
शनवारी दूध लागतंय त्याला."

उलटा करून पाहिला. पिन तुटलेली, टाका अस्सल.
हात थरथरला, खोटं कशाला सांगू.

आणि आज्याचं स्वतःचं मेडल?
राजाचं तोंड असलेलं?
त्या हसल्या.
"चांदी होती की ओ ती. चांदी कुठं ऱ्हातीया.
आत्तीच्या लग्नात पैंजण झाले,
पैंजणांची मग म्हैस झाली,
म्हैस मेली."

पितळ होता म्हणून शत्रू उरला.
हे मी परतताना स्कूटरवर तीनदा म्हटलं,
फाट्यावरच्या पाटीपाशी, जिथं गावाचं नाव
एकदा काळं फासलेलं, एकदा खरवडलेलं,
पुन्हा दुसऱ्या लिपीत रंगवलेलं.

सौदा त्यांनीच ठरवला. पैसे नकोत.
देवाच्या जागी देव द्या.
शहापूरच्या सराफाकडे टाक घडवला, घोड्यावरचा.
वजन मी सांगितलं, पावणेतीन तोळे.
नेमकं एवढंच का हो?
म्हटलं, तेवढंच वितळलं होतं.
त्याला काही कळलं नाही,
घडणावळ मात्र नीट मोजून घेतली त्यानं.

जमवणाऱ्यांत नियम आहे: घासायचं नाही.
म्हणून हळद तशीच आहे, मखमलीवर, काचेखाली.
परदेशातला एक जाणकार फोटो बघून विचारतो,
हे पिवळं काय? कसला गंज?
दोन महिने झाले, मी उत्तर दिलेलं नाही.

खंडेनवमीला बेल वाजली.
मलप्रभा वहिनी, तीन जिने चढून, धापा टाकत,
हातात नारळ, तांब्यात दूध.
"नवा देव बरा हाय. पण ह्यो शंभर वर्सं आमच्यात जेवलाय,
एकदम कसं तोडायचं?"
बायकोनं पाट मांडला. मी काचेचं कुलूप काढलं.
पितळेला दूध वाईट, मला माहीत आहे.
गप्प बसलो.

जाताना त्या भिंतीवरच्या कार्डापाशी थांबल्या.
पांढरा मफलर, विशीतलं पोर, ओठ घट्ट मिटलेले.
"ह्योच काय त्यो?"
माहीत नाही म्हटलं. असेलही. असाच कुणीतरी.
"त्याला पवायला येत होतं काय ओ?"

रात्री लॉगबुक काढलं.
वारा, पेट्रोल, उंची, इंजिनाचे तास,
समुद्र किती खवळलेला त्याचा आकडा.
तो रकाना नाही.
पुढची पानं भिजून एकमेकांना चिकटलीत,
ती मी सोडवत नाही.